पाटावरचं टायपिंग

वडील कचेरीत कारकून होते. चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी मांडवीच्या वाटेवरच्या टायपिंगच्या क्लासात नाव घातलं. सर्टिफिकेट मिळालं तर बढतीची आशा होती. आळीतले लोक हसत, "आता नातवंडांबरोबर परीक्षेला बसणार काय?" त्या हसणाऱ्यांतला एकही जन्मात नवं काही शिकला नाही, हे मी आजही रागाने सांगेन.

घरी यंत्र कुठलं असायला? वडिलांनी जेवायच्या पाटावर खडूने इंग्रजी अक्षरं काढली आणि त्यांवरच बोटं चालवायला सुरुवात केली. एकदा एक पाहुणे जेवून उठले, तर त्यांच्या धोतरावर अक्षरांची अख्खी ओळ उमटलेली. रविवारी दुपारी तान्ह्या भावाला मांडीवर थोपटतानाही वडिलांची बोटं त्याच्या पाठीवर टायपिंगच करत, डोळे मिटून, न अडखळता.

वडील पास झाले. सर्टिफिकेट काचेत बसवून देवांशेजारी लागलं. त्या दुपारी त्यांनी भावाला चारचौघांसारखं थोपटलं, तर त्याने रडून घर डोक्यावर घेतलं.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, परीक्षा तुमची संपली, त्याची नाही. चालवा बोटं!"