डब्याचा दिवस

आमचे साहेब दूधवाल्यासमोरच दुधाचा वास घ्यायचे आणि मगच पातेलं पुढे करायचे. कारखान्यात सगळे त्यांना सीआयडी म्हणत. हे नाव पहिल्यांदा कोणी ठेवलं, याचाही छडा त्यांनी लावला होता.

मी त्यांच्या हाताखाली केमिस्ट होतो. वेल्डिंगच्या धुरातलं मँगनीज, क्रोमियम माणसाच्या श्वासात किती जातं, ते मोजायचं आमचं काम. वेल्डरच्या कमरेला छोटा पंप बांधायचा, कॉलरजवळ पांढरा फिल्टर लावायचा आणि पाळी संपली की तो तपासायचा. फिल्टर स्वच्छ निघाला की साहेबांचा चेहरा पडे. "आकडा चांगला आला की मला झोप लागत नाही," म्हणायचे.

झोप न लागण्याचं कारण होतं रामसेवक. बंद टाकीत उतरून वेल्डिंग करणाऱ्या या माणसाचा हात, अंगात मँगनीज भिनल्यावर होतो तसा, थरथर कापायला लागला होता. टाकीत धूर ओढणारा पंखा बसवा म्हणून साहेब वरच्यांच्या मागे लागत, तर ते म्हणत, आकडे दाखवा. आणि आकडे दरवेळी साळसूद! साहेब मोजणीचा दिवस कुणाला सांगेनासे झाले, मलासुद्धा सकाळी गेटवर कळायचं. तरी आम्ही पोचेपर्यंत रामसेवक टाकीबाहेर, मोकळ्यावर काम करताना दिसे. बातमी फुटत होती. साहेबांनी शिपायावर संशय घेतला, ड्रायव्हरवर घेतला, मग माझ्यावर. महिनाभर त्यांनी मला चहाला विचारलं नाही. ते माझ्या मनाला फार लागलं.

उलगडा केला वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये दुपारचा भोंगा झाला की सगळे घरी जेवायला जात. मोजणीच्या दिवशी मात्र पंपाजवळून हलायचं नाही, म्हणून साहेब स्कूटरला डबा लटकवून नेत. गेटवर तो डबा दिसला की फोरमन माणसं बाहेर काढून टाकी रिकामी करून घेई. टाउनशिपजवळच्या इंद्रपुरीच्या भाजीबाजारात रामसेवकची बायको वहिनींना म्हणाली, "भाभीजी, साहब का डब्बा रोज बना दिया करो. जिस दिन डब्बा जाता है, उस दिन ये टंकी में नहीं उतरते."

वहिनींनी हे माझ्यासमोरच साहेबांना सांगितलं. "म्हणजे मीच फोडत होतो," एवढंच बोलले आणि स्वतः उठून माझ्यासाठी चहा करून आणला.

डबा रोज जाऊ लागला. काही दिवस फोरमनने रोज टाकी रिकामी केली. मग काम तुंबलं आणि त्याने डब्याकडे बघणंच सोडलं. एका सकाळी आम्ही पोचलो तेव्हा रामसेवक टाकीत उतरायच्या बेतात होता. पंप साहेबांनी स्वतः बांधला, पण त्याला अडवलं नाही आणि त्याच्या नजरेला नजरही दिली नाही. संध्याकाळी फिल्टर काळाकुट्ट निघाला. यथावकाश पंखा बसला. रामसेवकचा हात मात्र कापतच राहिला.

निवृत्तीनंतर साहेब ग्वाल्हेरला परत निघाले, तेव्हा रामसेवक स्टेशनवर आला होता. एरवी हमालाच्या पाठोपाठ पळणारे साहेब, हमाल ट्रंक घेऊन गाडीत चढला तरी मागे वळून बघेनात. रामसेवकचा हात त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरला होता, थरथर थांबेपर्यंत सोडायचाच नाही असा. शेवटी गाडी हलली आणि मला त्यांना ढकलून वर चढवावं लागलं.