लख्खमावशीची तयारी

शी! लख्खमावशीच्या तोंडून दिवसातला पहिला शब्द हाच निघायचा आणि बहुतेक वेळा शेवटचाही. तिचं खरं नाव चर्चच्या पाळकसाहेबांच्या वहीत असेल तेवढंच. हॉस्पिटलात सव्वीस वर्षं तिचं एकच काम, ऑपरेशनची हत्यारं धुवायची. कात्री असो की चिमटा, आधी उघडायचा, सांध्यात ब्रश घालायचा, मगच पाकिटात घालून जंतू मारणाऱ्या वाफेच्या यंत्रात. कामावर नवी आलेली एखादी बाई मिटलेली कात्री तशीच आत टाकायला निघाली की मावशी तिच्या हातावर चापट मारायची.

"अगं बाई, सांध्यात रक्त आहे की! वाफेनं ते शिजून बसेल, निघायचं नाही. आणि पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणून खूश होऊ नकोस. पाकीट आत जाऊन आलं, एवढंच ती पट्टी सांगते. आत घाण होती की नव्हती, ते तिला काय ठाऊक?"

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असायचं, येशूच्या आठवणीत प्रत्येकानं भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. द्राक्षरसाचे अंगठ्याएवढे काचेचे कप, मोजून दोनशे दहा. ते आदल्या दुपारी धुवायचं काम मावशीनं चौदा वर्षांपूर्वी स्वतःहून ओढून घेतलं, कारण दुसऱ्या कोणाच्या धुण्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. मागच्या खोलीतल्या बेसिनपाशी हातमोजे चढवून ती उभी राहायची. एकेक कप उजेडात धरून बघायची, आणि तोंडाचा पट्टा चालू.

"मागच्या महिन्याची लिपस्टिक अजून काठाला! शी! बाकाखाली च्युइंगगम! देवाच्या घरी येतात की जत्रेला?"

चर्चच्या पंचांपैकी एक गृहस्थ तर गाडीतून उतरता उतरता बायकोवर असे खेकसायचे की फाटकापर्यंत ऐकू यावं, आणि पाच मिनिटांत लोण्यासारखा चेहरा करून भाकरीचं तबक फिरवायचे. त्यांच्या हातचा तुकडा गिळताना मावशीला मळमळायचं. पण गिळायची. रसाचा कपही एका घोटात रिकामा करायची, आणि कोणी किती सांडला ते बघत बसायची.

कप धुवायच्या त्याच वेळी पुढच्या हॉलमध्ये तयारीची सभा भरायची. उद्या ज्याला कप घ्यायचाय त्यानं आज येऊन घटकाभर गप्प बसावं, आपल्या आत काय साचलंय ते बघावं, कोणाशी फाटलं असेल तर आधी जाऊन सांधावं, असं पाळकसाहेब जीव तोडून सांगायचे. यायची चारच टाळकी. मावशी बेसिनवरूनच, हॉलमध्ये कधी न डोकावता, नाक मुरडायची. "प्यायला दोनशे तोंडं, आणि तयारीला चार! लाजा कशा वाटत नाहीत यांना!" आपण स्वतः चौदा वर्षांत त्या सभेला एकदाही बसलो नाही, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. कप कोण धुणार?

एक कप मात्र तिला डोळ्यांपुढे नको व्हायचा. चार वर्षं, शेवटच्या बाकावरून परत येणाऱ्या तबकात एक कप भरलेलाच असायचा. तो तिच्या धाकट्या बहिणीचा. दोघींची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, ती या धाकटीच्या घरी. थोरली, म्हणजे मावशी, रविवारी यायची, हातमोजे घालून, फिनेलची बाटली घेऊन. खिडक्या उघडायची, चादरीचा वास घ्यायची, शी म्हणायची, अर्ध्या तासात निघायची. आईच्या पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या, आई गेली. आणि मातीहून परतल्यावर, सगळे नातेवाईक बसलेले असताना, मावशी धाकटीला म्हणाली, "तुझ्या घाणीनं मारलंस आईला." त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. उपासनेनंतर तो भरलेला कप बेसिनमध्ये ओतताना मावशी दर वेळी पुटपुटायची, "घेईल कशी? मन खातं ना! निदान तेवढी तरी लाज आहे म्हणायची."

त्या शनिवारी साठ कप झाले आणि नळानं घरघर करून मान टाकली. मावशी पेटली. साबणाचे हातमोजे तसेच घेऊन ती पाळकसाहेबांना फैलावर घ्यायला हॉलच्या दारापर्यंत आली आणि थबकली. चारच माणसं होती. त्यात पाठमोरी धाकटी होती.

धाकटी पाळकसाहेबांना सांगत होती, "दर महिन्याला येते मी इथे. दर महिन्याला वाटतं, या खेपेला जमेल. पण कप समोर आला की ताईचे हात दिसतात. तिनं धुतलेला असतो ना. तिचं ते बोलणं कानात वाजतं आणि माझ्या तोंडात कडू येतं. तिच्याबद्दल एवढं विष मनात ठेवून कप कसा घेऊ? खोटं होईल ते. म्हणून पुढे जाऊ देते."

मावशीच्या हातमोज्यांतून फेस टपटप फरशीवर पडत होता. चार वर्षं जिला ती घाणेरडी समजत होती, ती दर महिन्याला इथे येऊन स्वतःला उकलून बसत होती. आणि आपण? आपण पाकिटावरची पट्टी बघून खूश! तिला स्वतःचीच शिसारी आली. कारण तिला माहीत होतं. धाकटीच्या घरच्या भिंतीवर कागद टांगलेला असायचा, दर दोन तासांनी आईची कूस बदलल्याची वेळ त्यावर लिहिलेली, पहाटे तीनचीसुद्धा. तो कागद तिनं वाचला होता. जिवापाड केलं तरी जखमा होतात, हे हॉस्पिटलातल्या बाईला कोणी शिकवायला नको होतं. तरी बोलली.

ती पुढे गेली आणि धाकटीच्या बाकावर धपकन बसली. पाळकसाहेब काही म्हणणार तोच बोलायला लागली.

"मला आईचा वास सहन व्हायचा नाही. आपल्या आईचा. हातमोज्याशिवाय मी तिला एकदाही हात लावला नाही गं. तिला ते कळायचं. मी आले की हात पांघरुणात घ्यायची ती. घाण मला वाटायची, आणि नाव तुझं घेतलं. कागद वाचला होता मी, सगळा. चुकले. घाण माझ्यात होती."

धाकटी पुढच्या बाकाकडे बघतच म्हणाली, "चार वर्षं लागली तुला, ताई." आवाजात माया नव्हती. "उद्या मी कप घेणार नाही. एवढ्यात नाही जमायचं मला."

"नको घेऊस. मीही नाही घेत."

"उपासनेनंतर घरी ये. आईची खोली आवरायची राहिलीय, एकटीनं होत नाही." ती उठली, आणि दारापाशी जाऊन वळली. "आणि हातमोजे आणू नकोस."

दुसऱ्या दिवशी तबकांत दोन कप भरलेले परतले. तबक फिरवणाऱ्या पंचांनी भुवया उंचावल्या. मावशीनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुपारी धाकटीनं आईच्या खोलीचं दार उघडलं. बंद खोलीचा कोंदट भपका आला आणि मावशीच्या ओठांवर सवयीनं 'शी' आलं. तिनं ते गिळलं. पलंगावर आईची गोधडी तशीच होती, मधोमध पिवळट डाग. मावशी खाली बसली आणि उघडे हात त्या डागावर ठेवले.

"आई," ती म्हणाली, "हात दे गं."