हेडमास्तरांच्या माशांचे पाणी

वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपूरहून चाले, त्या काळात मी बुलढाण्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. हेडमास्तरांनी नागपूरहून सहा सोनेरी मासे आणले आणि कचेरीत काचेच्या टाकीत सोडले. महिन्याभरात तीन मेले. टाकी शिपायाच्या देखरेखीखाली होती. तो अमडापूरचा, वयाने माझ्याहून मोठा. शनिवारपर्यंत आणखी एक मेला तर उरलेले तलावात सोडायचे, असे हेडमास्तरांनी त्याला सोमवारी बजावले. तिथून तो थेट प्रयोगशाळेत आला.

"पाणी तं पाहा मास्तर, कसं निर्मळ हाये. मंग मरून काऊन राह्यले?"

मी परीक्षानळीत टाकीचे पाणी घेऊन एका बाटलीतले थेंब टाकले. पाण्यात अमोनिया असेल तर या थेंबांनी ते पिवळे होते, फार असेल तर तांबूस. पाणी चहासारखे झाले. दुसऱ्या नळीत विहिरीचे पाणी घेऊन तेच थेंब टाकले, ते होते तसेच राहिले.

"खाणं जास्त होतंय," मी म्हटले. "उरलेलं कुजतं, माशांची घाणही वाढते. त्यातून हे विष होतं."

"मी तं चिमूटभरच देतो."

ते खरे होते. शाळेचे कारकूनही चिमूटभरच देत. त्यांना साडेसाती होती आणि ज्योतिष्याने माशांना कणकेच्या गोळ्या घालायला सांगितले होते. तलावापेक्षा कचेरी जवळ. ड्रॉइंगमास्तर पुण्य म्हणून देत. हेडमास्तर मासे वर येताना बघायला देत. कोणी कोणाला सांगितले नव्हते.

रोज थोडे पाणी बदलायचे आणि शनिवारपर्यंत कोणालाही काही खायला घालू द्यायचे नाही, असे ठरले.

"एकादस म्हना ना," शिपाई म्हणाला.

रोज सकाळी तो नळी भरून आणी. बुधवारी रंग पिवळा होता, शुक्रवारी जेमतेम दिसला.

शनिवारी कारकून रुमालात गोळ्या बांधून आले. शिपाई टाकीसमोर स्टूल टाकून बसला होता.

"उपास हाये त्यायचा, बाबूसाहेब."

"आणि माझ्या शनीचं काय?"

"त्याले तलावावर घेऊन जा. तेवढंच चालनं होईल."

हेडमास्तर आतल्या खोलीतून ऐकत होते. ते बाहेर आले, तिन्ही मासे फिरताना पाहिले, आणि खिशातली कणकेची पुडी कारकुनांच्या रुमालात ठेवली.

"जाताय तर हीही न्या," ते म्हणाले.