आत्याने सैल केलेला स्क्रू

आमची आत्या कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसते. थायरॉइड मंद म्हणून ती रोज गोळी घ्यायची. मध्यंतरी रक्ताच्या रिपोर्टमध्ये टीएसएच हा थायरॉइडचा आकडा वाढलेला दिसला, तर तिने मशीनचाच न्याय लावला: दोरा फार ताणला की स्क्रू सैल करायचा. कोणाला न विचारता तिने गोळीच बंद केली आणि मशीनवर पेंगायला लागली.

"राणीसाहेब, उशी आणू का?" मुकादम विचारायचा. त्याचा नाकातला आवाज मी काढला की आत्या पोट धरून हसायची. आता मात्र सोमवारीही पेंगताना दिसलात तर मशीन दुसरीला देतो, असं त्याने बजावलंय.

आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, टीएसएच म्हणजे मेंदूने थायरॉइड ग्रंथीला मारलेली हाक. ग्रंथी ढिम्म, म्हणून हाक मोठी. आकडा वाढला म्हणजे औषध कमी पडतंय."

"म्हणजे मी उलटंच केलं."

"गोळी पुन्हा सुरू करा, डोस थोडा वाढवून देते. अंगात जोर यायला काही आठवडे लागतील."

"आणि सोमवार परवाच आहे," आत्या पुटपुटली.

घरी येताना मी मुकादमाचा आवाज काढून पाहिला. ती हसली नाही. जिन्यातच बसकण मारून म्हणाली, "खरंच आण रे उशी."