गोंड्याला लागलेला हात

लिंबायतच्या आमच्या गल्लीत साड्यांचे सुटे धागे कापण्यात उषाबाईचा हात कुणी धरणार नाही. तोंडाने मात्र मुलखाची अबोल. वर्षभर तिच्या अंगावरून रक्त जात होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तर ही म्हणे दिवाळीनंतर बघू. हे फक्त मला ठाऊक, कारण आम्ही एका ओट्यावर बसून धागे कापतो.

बरीच वर्षं ती बाबुरावच्या खोलीत येशूच्या प्रार्थनेला येते, पण विटाळाचे नियम धुळ्याहून आणले ते तसेच. स्वयंपाक चालायचा, कारण नाही केला तर खायचं काय? पण लोणच्याला आणि तान्ह्या लेकराला शिवायचं नाही. त्यामुळे नात मान धरायला लागली तरी तिने मांडीवर घेतली नव्हती. सून जयश्रीने आपला अर्थ लावला, मुलगी झाली म्हणून सासू नाराज. सुनेशी असलं कसं बोलायचं, म्हणून ही गप्प. मला दोघींचाही राग यायचा.

त्या रविवारी जयश्री बाळाला आशीर्वादासाठी प्रार्थनेला घेऊन आली. उषाबाई नेहमीप्रमाणे उंबऱ्याशी, स्वतःचं गोणपाट टाकून.

"आत ये ना," मी म्हटलं.

"माले आठेच बरं शे."

बाबुराव बमरोलीच्या मिलमध्ये फिटर. नंदुरबारला बायबलच्या वर्गाला जाऊन आल्यापासून प्रत्येक गोष्टीत यहुद्यांचे जुने रीतिरिवाज सांगायचा आणि आम्ही जांभया द्यायचो. त्या दिवशी त्याने बारा वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईची गोष्ट काढली. ती गर्दीतून येते, येशूच्या वस्त्राला शिवते आणि बरी होते.

"बरी झाली हे तुम्हाला पाठ आहे," बाबुराव म्हणाला. "पण ती थरथर का कापत होती? त्यांच्यात अशी बाई शिवली की विटाळ. ती बसेल त्या जागेचासुद्धा. शिवलेल्याने अंघोळ करायची, संध्याकाळपर्यंत अशुद्ध राहायचं. आणि हिने हात लावला तो गोंड्याला. देवाच्या आज्ञा आठवाव्यात म्हणून पुरुष वस्त्राच्या टोकांना गोंडे लावायचे."

बायका पायाच्या बोटांकडे बघू लागल्या.

उंबऱ्यावरून आवाज आला, "मंग त्यानी आंघोय करी का?"

बाबुरावने बायबल पुढे ओढलं. त्याने पानं चाळली. "तसं लिहिलेलं नाही. याईर नावाच्या माणसाची मुलगी मरणाला टेकली होती, तिच्याकडे येशू निघाला होता. तसाच गेला. पोहोचेपर्यंत पोरगी गेली होती. तिचा हात धरून तिला उठवलं."

"तसाच?"

"तसाच."

उषाबाई उठली. बायकांचे गुडघे ओलांडत जयश्रीपुढे येऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे केले.

"मन्हा अंगवरथीन जास, पोरी," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "म्हनीसन लेत नव्हतू हिले."

जयश्री सासूकडे बघत राहिली. मग तिने मुलगी त्या हातांत दिली, स्वतः थोडी सरकली, आणि सासूला आपल्याच चटईवर बसवून घेतलं.