शेवंतीकाकी ओ देईना

सगळ्यात आधी चुकल्यासारखं वाटलं ते एका आवाजाबाबत. आवाज झाला म्हणून नव्हे. झाला नाही म्हणून. सड्याची, म्हणजे गावावरच्या कातळी पठाराची, चढण अर्धी सरली होती आणि रोज या जागी जे काहीतरी ऐकू यायचं, ते आज येत नव्हतं. काय ते आठवेना. पक्षी होते, खालच्या वाड्यावरचा कोंबडा होता, लांबून पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगाही होता. तरी काहीतरी कमी होतं.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक नाही म्हणून आधीच सांगून ठेवते. पाल चुकचुकली तर मी दोन दिवस फोनकडे बघत बसते, कोण गेलं ते कळायला. पणजीच्या कॉलेजात जाऊन पदवी घेऊन आले, पण अंधाऱ्या मोरीत पाय टाकण्याआधी अजून टाळी वाजवते. तेव्हा त्या सकाळी पुढे जे रामायण झालं, त्यात दोष सड्याचा नाही, काकीचा तर नाहीच नाही.

तर थांबले. गळ्यातली साखळी चाचपली. होती. चपला दोन्ही पायांत. ओढणी खांद्यावर. मग म्हटलं, सकाळची वेळ आहे, नसते विचार नकोत. आणि पुढे निघाले.

आता मी, जिला जिना चढायचा कंटाळा, ती भल्या पहाटे सड्यावर काय करत होते?

वजन. दुसरं काय असणार?

शेवंतीकाकी म्हणजे माझ्या काकांची बायको. वयाने आईहून मोठी, अंगाने काडी आणि चढणीवर शेळी. मी एकदा लग्नाच्या पंगतीत खाली बसले आणि उठताना दोन बायकांनी मला हात दिला. त्या दिवसापासून काकीने मला ताब्यात घेतलं. 'उद्यापासून माझ्यावांगडा सड्यार चल' म्हणाली. तेव्हापासून ती पुढे आणि मी मागे. म्हणजे ती किती पुढे? पहिल्या वळणानंतर ती दिसतच नाही. वर एक सपाट दगड आहे, त्यावर पाय सोडून बसते आणि अधूनमधून खाली ओरडते, 'येतंय मगे?' उत्तर द्यायला माझ्याकडे श्वास कुठला? मी नुसता हात हलवायची, तोही कुणाला दिसायचा नाही.

पेडण्याच्या बाजारात एका औषधाच्या दुकानात वजनकाटा आहे. अधूनमधून काकी मला तिथे घेऊन जाते. दुकानदाराने वाकून बघू नये म्हणून ती त्याला खोकल्याच्या औषधांची चौकशी करत गुंतवून ठेवते. तिला खोकला नाही. तोवर मी चपला, घड्याळ, केसांतली पिन असं सगळं उतरवून काट्यावर चढते. आकडा फक्त आम्हा दोघींना माहीत. आईलासुद्धा नाही, कारण आईला कळलं की मांद्र्याच्या मावशीला कळतं, आणि मांद्र्याच्या मावशीला कळलं की तिच्या गेस्टहाउसमधल्या परदेशी पाहुण्यांनाही कळतं.

आदल्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो होतो. काय पाहिलं असेल? काटा जिथे होता तिथेच.

मी सकाळचे उंडे पाव सोडले होते हो. पोदेराचा भोंगा वाजला की उशी कानांवर दाबून पडून राहायची. आणि काटा ढिम्म. दुकानातून बाहेर पडल्यावर मला रडूच आलं. काकी म्हणाली, "काट्याक काय कळता? तुझी कांकणां बघ."

कांकणं खरंच हातातून गळत होती. भांडी घासताना एक तर मोरीतच गेलं. पण त्याचं कारण मला माहीत होतं: कासाराने मोठं माप दिलं. कुर्ता कमरेत ढगळ होत होता, ते कापड धुऊन सैल पडलं म्हणून. म्हापशाच्या बसमध्ये दोघींच्या सीटवर कंडक्टरने तिसरी बाई बसवली आणि ती बसलीसुद्धा. मी मनात म्हटलं, बिचारी किती बारीक आहे. काटा हलला नाही म्हणजे मी हललेली नाही. पदवीपर्यंत शिकलेल्या माणसाचा आकड्यावर विश्वास असतो, काय करणार?

तेव्हा मी ठरवलं की पुरे झालं. आज शेवटचं चढायचं आणि वर पोचल्यावर काकीला सांगून टाकायचं, उद्यापासून मी येणार नाही. पण सांगायचं कसं? इतके दिवस ती माझ्यासाठी झोपमोड करत होती. म्हणून मी खाली मान घालून वाक्यं जुळवत चढत होते. 'काकी, तू रागावू नकोस.' नको, हे फार रडकं. 'काकी, माझा पाय दुखतो.' हे खोटं. पाय दुखत नव्हता, हे मला तेवढ्यापुरतं जाणवलं आणि मी दुसरं कारण शोधायला लागले.

असं शोधता शोधता चढण संपली.

संपली हे कळायलाच वेळ लागला. कारण रोज वर पोचल्यावर मी गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीकडे बघत उभी असते. त्या दगडापाशी किती मुंग्या राहतात आणि त्यांची वाट कुठून जाते, ते मला विचारा. आज मान वर होती. आणि समोर…

कसं सांगू? खाली काजूच्या बागांवर धुकं अजून अंथरलेलं. मांद्र्याच्या बाजूला समुद्र. नकाशातली निळी रेघ नव्हे, जिवंत, उजेड पीत पडलेला समुद्र. उगवतीकडे डोंगरामागे डोंगर, मागचा पुढच्याहून फिकट, शेवटचा तर आहे की भास आहे असा. आणि मोप्याच्या विमानतळाच्या अंगाने एक विमान उतरत होतं, झोपलेलं मूल खाली ठेवावं इतक्या अलगद. हे सगळं रोज इथे असतं? मी रोज यायची आणि मुंग्या बघून परत जायची?

न येण्याचं भाषण कुठल्या कुठे गेलं. "काकी, हे बघ गो," असं म्हणत मी वळले.

दगडावर काकी नव्हती.

दगडामागे नव्हती. आंब्याखाली नव्हती. जी बाई रोज माझ्याआधी अर्धा तास वर येऊन बसते, ती आज वर नाही, याचा अर्थ काय? तुम्ही म्हणाल, मागे राहिली असेल. हा विचार माझ्या मनात आला असेल असं तुम्हाला वाटतं? शेवंतीकाकी आणि माझ्या मागे? सूर्य पश्चिमेला उगवला असेल हे मला आधी पटलं असतं.

माझ्या मनात आली ती खाण. सड्यावर चिऱ्यांची एक जुनी खाण आहे, काठ ठिसूळ, खाली हिरवं पाणी. काकीला कडेकडेने शेण्या, करवंदं गोळा करत हिंडायची खोड. मी धावले. खाणीच्या काठाशी पोटावर झोपून खाली पाहिलं. पाण्यावर एक चप्पल तरंगत होती. मी देवाला नारळ बोलले. मग दिसलं की ती निळी होती आणि तिच्यावर शेवाळ चढलं होतं. काकीच्या चपला तांबड्या. मी त्या निळ्या चपलेच्या अज्ञात मालकासाठी हात जोडले आणि परत धावत दगडापाशी आले.

फोन? काकी फोन घरी फ्रिजवर ठेवून येते. डोंगरावर पडला तर शोधणार कोण, म्हणते. आता तीच पडली असेल तर शोधायला मी होते, आणि मी कोण हे तुम्हाला सांगून झालंच आहे.

मी हाक मारली. "काकीऽऽऽ!"

हाक अशी गेली की समोरच्या डोंगरावर आपटून परत आली. मी दचकले. हा आवाज माझा? या जागी माझ्या तोंडातून आजवर 'पाणी' सोडून शब्द निघाला नव्हता, आणि तोसुद्धा दोन हप्त्यांत. पुन्हा हाक मारली. पुन्हा डोंगराने ओ दिली, काकीने नाही.

आवाज ऐकून गणपतमामा आले. काजूच्या बागेची राखण करतात. माकडांना पळवायला तेलाचा रिकामा डबा आणि दांडा सतत हातात. मी रडत सगळं सांगितलं. त्यांनी धीर द्यावा की नाही? म्हणाले, परवाच या वाटेवर वाघराची पावलं बघितली. आणि त्यांनी डबा बडवायला सुरुवात केली. वाघरू जवळ असलं तर पळेल, काकी जवळ असली तर येईल, असा त्यांचा हिशेब. धडाड धडाड असा तो आवाज सड्यावरून जो गेला, त्याने काजूचे बोंडू गोळा करणाऱ्या पाचसहा बायका टोपल्या टाकून धावत वर आल्या. त्यांच्यात सगळ्यात म्हातारी लक्ष्मीमाय. तिने माझ्याकडे खालून वर बघितलं.

"तू खंयसून इलंस?" तिने विचारलं. "रोज तू येतंस तेव्हा आमका आधी आयकू येतंस, मगे दिसतंस. आज कायच आयकूक नाय."

बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. कुणाचं काय तर कुणाचं काय! माझी काकी हरवली होती आणि यांना माझ्या धापांची पडली होती. मी म्हटलं, माय, ते राहू दे, काकी ओ देत नाही, खाणीत नाही, दगडावर नाही, मी हाका मारून मारून थकले. खरं तर थकले नव्हते. तशी बोलायची पद्धत असते.

लक्ष्मीमायने टोपली खाली ठेवली आणि मला समजावलं. सड्यावर कधी कधी 'ते' माणसाला हाक मारतं. नाव घ्यायचं नाही त्याचं. आपल्याच माणसाच्या आवाजात मारतं, अगदी हुबेहूब, आणि ओ दिली की वाट चुकवून घेऊन जातं. म्हणून जुनी माणसं सड्यावरच्या हाकेला ओ देत नाहीत. आपलं माणूस कुठे आहे ते आधी ताडायचं, हाक तिथूनच आली तर बोलायचं. भलतीकडून आली तर तोंडात पदर कोंबून गप बसायचं. "तुझी काकी शाणी," ती म्हणाली. "ती आयकता आसतली, पण ओ देवची नाय. आणि वयर ह्यो मामा डबो बडयता. ती भियाची नाय तर काय?"

गणपतमामांनी दांडा हळूच पाठीमागे लपवला.

काकी जिवंत असेल! मला इतकं हायसं वाटलं की मी लक्ष्मीमायच्या पायाच पडले. पण मग तिला पटवायचं कसं की ही मीच आहे?

माय म्हणाली, तुम्हा दोघींनाच ठाऊक असेल असं काहीतरी ओरडून सांग. 'त्याला' आवाज करता येतो, घरातलं गुपित कळत नाही.

मी विचार केला. काकांनी रात्री फणस जास्त खाल्ला? तो सगळ्या वाड्याला वासावरून कळला होता. काकीची सून रुसून माहेरी गेली? ते तर बसवाल्यालाही माहीत. आमच्या गावात गुपित राहतं कुठे? आम्हा दोघींपलीकडे न गेलेली गोष्ट एकच होती. तिच्यासाठी काकी नसलेला खोकला खोकत आली होती.

मी बायकांकडे बघितलं. सगळ्या जणी कान देऊन उभ्या. गणपतमामाही. त्यातल्या एकीची बहीण मांद्र्याला दिलेली, हे मला नेमकं त्याच क्षणी आठवलं.

पण काकी कुठल्या तरी झुडपात भीतीने आखडून बसलेली असेल, पाय मुरगळला असेल, साप असेल, काय वाट्टेल ते असेल. माझ्यासाठी पहाटे उठणारी बाई. मी डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला. केवढा श्वास मावला हो त्या छातीत! आणि अख्ख्या पेडणे तालुक्याला ऐकू जाईल अशी ओरडले:

"काकीऽऽऽ! मी दीपूऽऽऽ! बहात्तर किलोऽऽऽ!"

बहात्तर किलोऽऽऽ, समोरच्या डोंगराने सांगितलं. किलोऽऽऽ, त्याच्या मागच्याने दुजोरा दिला. गणपतमामा सभ्य माणूस, ते आकाशात विमान शोधायला लागले. बायकांचे पदर पुन्हा तोंडाला गेले. सड्यावर असा शुकशुकाट की खालच्या बागेत बोंडू पडल्याचं ऐकू यावं.

आणि मग अर्ध्या चढणीवरच्या करवंदीच्या जाळीतून, मी येताना जिच्या बाजूने खाली मान घालून गेले होते त्याच जाळीतून, माझ्या शेवंतीकाकीचा आवाज आला. घाबरलेला, पण हटायला तयार नसलेला.

"खोटां बोलू नको! बहात्तर किलोचां आमचां चेडू इतक्या बेगीन वयर पोचाचां नाय! ता अजून सकयल चढणीर धापा टाकता आसतला! खरां सांग, तू कोण?"