सरळ धावणारा गुडघा

मी स्ट्रायकर होते. यातल्या 'होते'पाशी अजून अडखळायला होतं.

दोन मोसम मी दुसऱ्या राज्यातल्या एका फुटबॉल क्लबकडून करारावर खेळले. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, आणि खेळून नोकरी मिळवणारीही पहिलीच. शेजारणींना काय सांगावं ते आईला कळायचं नाही. ती म्हणायची, "बॉलची नोकरी आहे तिला."

मला खरं तर एकच गोष्ट नीट यायची. गोलकडे पाठ करून बॉल घ्यायचा, मागे चिकटलेल्या मुलीला अंगावर तोलायचं आणि डाव्या पायावर गर्रकन वळून मारायचं. माझे बहुतेक गोल तसेच झाले.

सुट्टीत शहाडला घरी आलेले, तेव्हा जुन्या मैत्रिणींबरोबर सहज खेळताना तोच पाय आत मुडपला. गुडघा फुगला. क्लबच्या फिजिओला फोन करायला हवा होता. पण आमच्याकडे हातपाय मुरगळला की खडवलीच्या पुढे एका गावात हाडवैद्याकडे जातात. पप्पांचा खांदा त्यानेच बसवलेला, मामीचं मनगटही.

"डॉक्टर लगेच प्लास्टर घालेल, मोसम जाईल तुझा. चल," आई म्हणाली. मलाही तेच ऐकायचं होतं.

म्हाताऱ्या वैद्याने पाय मांडीवर घेतला, वाटलेला पाला लावला आणि एकदम झटका दिला. मी किंचाळले.

"एवढे गोल मारतेस म्हणे, मग बकरीसारखी काय ओरडतेस गं?"

आई हसली. रडता रडता मीही हसले.

सूज खरंच उतरली. धावून पाहिलं, दुखलं नाही. आईने त्याला नारळ दिला आणि मी क्लबला परतले. गुडघ्यातला लिगामेंट तुटलेला असला तरी माणूस सरळ धावू शकतो, हे मला नंतर कळलं. वळता मात्र येत नाही. पहिल्याच सामन्यात मी गोलकडे पाठ करून बॉल घेतला, वळले आणि गुडघ्यात काहीतरी ओली फांदी मोडल्यासारखं वाजलं. मला कुणाचा धक्काही लागला नव्हता.

ऑपरेशन झालं. क्लबने करार वाढवला नाही. व्यायामात महिने गेले, पण पाय वळताना दगा देतच राहिला. शेवटी कल्याणच्या डॉक्टरांनी इंग्रजीत सांगितलं, आता स्पर्धेतलं खेळणं नाही. पहिल्या दुखण्यालाच आली असतीस तर गुडघ्याची गादी वाचली असती, असंही म्हणाले. आई शेजारीच बसलेली.

बाहेर येताच तिने विचारलं, "काय बोलले गं? आपण त्या म्हाताऱ्याकडे गेलो, म्हणून झालं का?"

"नाही गं. पहिल्याच दिवशी सगळं तुटलेलं, म्हणाले. कुठेही गेलो असतो तरी हेच."

"शप्पथ?"

"शप्पथ."

ती तिथल्या बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून खूप रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी. मग डोळे पुसत म्हणाली, "मग परत त्याच्याकडेच नेते तुला. खेळणं राहू दे, दुखायचं तरी थांबेल."

रविवारी आम्ही खडवलीला उतरलो. मी पाय म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवला. "झटका नको, बाबा," एवढंच म्हटलं. या वेळी त्याने थट्टा केली नाही. टाक्यांच्या खुणांवरून तो नुसता अंगठा फिरवत राहिला.

आणि आई त्याची समजूत घालत होती, "तुमचं काही चुकलं नाही हो, बाबा. डॉक्टरच म्हणाले तसं."